तुटलेली वाट आणि तिची बातमी

संगणकांच्या जाळ्यातून एखादे छायाचित्र, पत्र किंवा बँकेचा व्यवहार एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तेव्हा तो अखंड जात नाही. पाठवणारा संगणक त्याचे साधारणपणे दीड हजार बाइटच्या आतले तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घालतो आणि ते सुटे तुकडे जाळ्यात सोडून देतो. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये पॉल बॅरन यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आणि इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ मध्ये ही कल्पना एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांचे. बॅरन यांच्यापुढचा प्रश्न असा होता की अणुयुद्धात टेलिफोनची मोठी केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्यांमधील संपर्क कसा टिकेल, आणि त्यांचे उत्तर असे होते की ज्याच्या नाशाने सारे बंद पडेल असे मध्यवर्ती केंद्र मुळात ठेवूच नये, पुढची वाट कोणती हा निर्णय प्रत्येक नाक्यावर तिथल्या तिथे घेतला जावा. आजचे इंटरनेट याच तत्त्वावर चालते. त्यातील कोणत्याही यंत्राने सगळे जाळे प्रत्यक्ष पाहिलेले नसते, प्रत्येकाला इतरांनी दिलेल्या बातम्यांवर विसंबून वाट ठरवावी लागते. म्हणूनच अशा जाळ्यात एखादा दुवा तुटणे हा रोजचा, निभावून नेण्यासारखा प्रसंग असतो, परंतु त्याविषयीची चुकीची बातमी पसरली तर सारे जाळे आडवे होऊ शकते.

नाक्यावर बसून हा निर्णय घेणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात, आणि तो ज्या सारणीचा आधार घेतो तिला राउटिंग टेबल. या सारणीत जगातील प्रत्येक पत्ता लिहिलेला नसतो, पत्त्यांचे गट लिहिलेले असतात. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सुरू झालेला पिन कोड ज्यांनी वापरला आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. ४११ ने सुरू होणारे पत्र पुण्याच्या थैलीत आणि ४०३ ने सुरू होणारे गोव्याच्या थैलीत टाकायचे, एवढे नागपुरात टपालाची वर्गवारी करणाऱ्याला कळले की त्याचे काम झाले; उरलेले तीन आकडे वाचण्याची जबाबदारी पुढच्यांची. इंटरनेटच्या पत्त्यातही सुरुवातीच्या ठरावीक बिटांवरून, म्हणजे शून्य किंवा एक या अंकांवरून, गट ओळखला जातो. फरक असा की एकाच पत्त्याला लागू पडतील अशा दोन नोंदी सारणीत असू शकतात, एक मोठ्या गटाची आणि एक त्याच्याच पोटातील लहान गटाची; अशा वेळी लहान गटाची, अर्थात अधिक नेमकी, नोंद मानायची असा नियम आहे.

ही सारणी भरायची कोणी, हा खरा प्रश्न आहे. चार-पाच राउटरांचे जाळे असेल तर ती हाताने भरता येते, मात्र इंटरनेटच्या मुख्य राउटरांच्या सारणीत आज ९ लाखांहून अधिक गट असतात आणि त्यांच्या वाटा दिवसभर बदलत राहतात, म्हणून राउटरांनीच एकमेकांना विचारून ती भरणे भाग पडते. १९६९ च्या अखेरीस लॉस एंजलिस, स्टॅनफर्ड, सांता बार्बरा आणि युटा अशा चार ठिकाणांना जोडून उभ्या राहिलेल्या अर्पानेटमध्ये यासाठी जी रीत वापरली गेली, तिला कर्णोपकर्णी रीत म्हणता येईल. प्रत्येक नाक्यावरचे यंत्र सुमारे दोन तृतीयांश सेकंदाला एकदा आपल्या शेजाऱ्यांना सांगे की अमुक ठिकाण आपल्यापासून किती लांब आहे. शेजारी त्या आकड्यात स्वतःपासून त्या यंत्रापर्यंतचे अंतर मिळवी, निरनिराळ्या शेजाऱ्यांकडून आलेल्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा धरी आणि तो पुढे सांगे. गणित थोडे, स्मरणशक्ती थोडी, आणि सारे सुरळीत असताना वाटा बरोबर निघत. त्या काळच्या लहान यंत्रांना पेलेल अशी ही रीत होती.

तिचा दोष दुवा तुटल्यावर दिसतो. क, ख आणि ग हे तीन राउटर एका ओळीत जोडलेले आहेत असे धरू. ग पर्यंतचे अंतर ख ला १ आणि क ला, ख मधून जाऊन, २ आहे. आता ख आणि ग यांच्यामधला दुवा तुटला. ख ला ते लगेच कळते, पण त्याच वेळी क कडून बातमी येते की ग आपल्यापासून २ अंतरावर आहे. ती वाट आपल्यातूनच जात होती हे ख ला कळण्याचा मार्ग नाही, कारण बातमीत केवळ आकडा आहे, वाट नाही. म्हणून तो क मार्गे ग चे अंतर ३ धरतो. ते ऐकून क आपला आकडा ४ करतो, त्यावरून ख ५ करतो, आणि अस्तित्वात नसलेल्या वाटेचे अंतर दोघे मिळून एकेकाने वाढवत बसतात. तोवर ग साठी निघालेली पॅकेटे क कडून ख कडे आणि ख कडून परत क कडे फिरत राहतात; रानात वाटसरूला चकवा लागावा तसा त्यांना चकवा लागतो. या रीतीवर बेतलेल्या आणि पुढे बराच काळ वापरात राहिलेल्या रिप या नियमावलीत १६ हा आकडा अनंत मानला गेला, तो याच कारणासाठी: मोजणी तिथवर पोचली की वाट मेली असे समजायचे. हा तोडगा उपयोगी होता, परंतु त्यामुळे १५ पेक्षा अधिक नाक्यांची वाट अशा जाळ्यात असूच शकत नाही.

चकवा कोणत्याही रीतीत काही क्षण लागू शकतो, आणि त्यात सापडलेली पॅकेटे कायमची फिरत राहू नयेत म्हणून प्रत्येक पॅकेटवर एक गणक लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि ज्याच्या हाती तो शून्य होतो तो राउटर पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. या मृत्युवार्तेचा उपयोग वाट शोधण्यासाठी करण्याची युक्ती व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रेसराउट या आज्ञावलीत वापरली. गणक १ ठेवून पॅकेट सोडले की पहिल्याच राउटरकडून निरोप येतो, २ ठेवले की दुसऱ्याकडून, ३ ठेवले की तिसऱ्याकडून. अशा रीतीने पडद्यावर एकाखाली एक राउटरांचे पत्ते आणि प्रत्येकाला लागलेला वेळ उमटत जातो, आणि जिथून निरोप येईनासा होतो तिथून शोध सुरू करता येतो. जे पॅकेट मारण्यासाठी योजलेले साधन होते, त्याच्यावर जाळे तपासणाऱ्यांची सर्वांत भरवशाची सवय उभी राहिली, हे या विद्येतील फार देखणे उदाहरण आहे.

अर्पानेटने १९७९ मध्ये कर्णोपकर्णी रीत सोडली आणि तिच्या जागी दवंडीची रीत आणली. तिच्यात राउटर दूरच्या ठिकाणांविषयी काहीच बोलत नाही. आपल्या स्वतःच्या दुव्यांची स्थिती, एवढेच निवेदन तो करतो, आणि ते निवेदन जशाच्या तसे सर्व शेजाऱ्यांना, त्यांच्याकडून त्यांच्या शेजाऱ्यांना, असे जाळ्यातील प्रत्येक राउटरपर्यंत पोचवले जाते. सर्वांची निवेदने जमली की प्रत्येक राउटरजवळ पूर्ण जाळ्याचा एकसारखा नकाशा तयार होतो, आणि त्यावरून सर्वांत जवळची वाट काढण्याची पद्धत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञांनी १९५९ मध्येच प्रसिद्ध केलेली होती. ऐकीव आकड्याऐवजी मूळ माहितीच सर्वांना मिळत असल्याने क आणि ख यांची वर सांगितलेली फसगत इथे होत नाही. मात्र एक नवी अडचण येते. दवंडी अनेक वाटांनी फिरत असल्याने एकाच राउटरचे जुने निवेदन नव्याच्या मागून येऊ शकते, तेव्हा नवे कोणते आणि जुने कोणते हे ओळखण्यासाठी प्रत्येक निवेदनावर अनुक्रमांक घालावा लागतो.

अर्पानेटमध्ये या अनुक्रमांकासाठी सहा बिटांची जागा होती. तिच्यात ० ते ६३ एवढेच आकडे मावत, म्हणून ६३ नंतर पुन्हा ० सुरू होई, जसे घड्याळात बारानंतर एक येतो. वर्तुळावर नवे-जुने ठरवण्यासाठी नियम असा केला होता की एका आकड्यापासून पुढे मोजत ३२ घरांपर्यंत दुसरा येत असेल तर दुसरा नवा. ठीक चाललेल्या जाळ्यात हा नियम निर्दोष होता, कारण जाळ्यात एका वेळी फिरणारी निवेदने लागोपाठच्या क्रमांकांचीच असत.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट कित्येक तास निकामी झाले. नाक्यावरच्या यंत्रांना आयएमपी म्हणत; त्यांपैकी २९ व्या यंत्राचे हार्डवेअर आजारी होते आणि साठवलेल्या आकड्यांतील बिट अधूनमधून गाळत होते. त्याचा शेजारी असलेल्या ५० व्या यंत्राची निवेदने या गळतीत सापडली आणि त्यांच्या तीन प्रती जाळ्यात पसरल्या, ४४, ४० आणि ८ अशा क्रमांकांच्या. दोनच अंकांच्या भाषेत ४४ म्हणजे १०११००; त्यातला उजवीकडून तिसऱ्या घरातला एक गळला की १०१०००, म्हणजे ४०, आणि त्यातला डावीकडचा पहिला एक गळला की ००१०००, म्हणजे ८. आता वरचा नियम लावून पाहावा: ८ पासून ४० बत्तीस घरांवर, म्हणून ४० नवा, ४० पासून ४४ चार घरांवर, म्हणून ४४ नवा, आणि ४४ पासून वर्तुळ ओलांडून ८ अठ्ठावीस घरांवर, म्हणून ८ नवा. प्रत्येक प्रत दुसऱ्या एकीपेक्षा नवी ठरत होती आणि कोणतीच शेवटची ठरत नव्हती. प्रत्येक यंत्र आलेले निवेदन नवे समजून स्वीकारी, जुने टाकी, आणि नियमाप्रमाणे सर्व शेजाऱ्यांना दवंडी देई. तोवर तिसरे येऊन ठेपलेले असे. वाटांच्या बातम्यांना इतर सर्व कामांपेक्षा अग्रक्रम असल्यामुळे वापरणाऱ्यांची पॅकेटे पुढे नेण्यास यंत्रांना सवडच उरली नाही.

या घटनेतील खरी शिकवण बिट गळण्यात नाही. तारेवरून जाताना पॅकेट बिघडले तर ते ओळखण्याची सोय अर्पानेटमध्ये होती: पाठवणारे यंत्र मजकुरावरून एक आकडा काढून सोबत पाठवी आणि घेणारे तोच आकडा पुन्हा काढून पाही, शाळेत गुणाकाराचा ताळा पाहतात तसा. परंतु हे निवेदन तारेवर बिघडलेच नव्हते, ते यंत्राच्या आत, मेमरीत बिघडले, आणि पुढे पाठवताना बिघडलेल्या मजकुराचाच नवा आणि अचूक ताळा काढला गेला. उपायही त्यामुळे सोपा राहिला नाही. एखादे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे व्यर्थ होते, कारण ते उठताच शेजारी त्याला तीच तीन निवेदने ऐकवीत. अखेर ५० व्या यंत्राच्या नावाने येणारी निवेदने ऐकूच नयेत अशी दुरुस्ती नियंत्रण केंद्रातून जाळ्यातील यंत्रांमध्ये घालण्यात आली, तेव्हा फेरा थांबला. तोवर आजारी असलेले २९ वे यंत्र जाळ्यातून बाहेर पडलेलेही होते. म्हणजे मूळ बिघाड संपल्यावरही त्याची बातमी जाळ्याला छळत राहिली.

रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशी दवंडी रचण्याची पद्धत दाखवली की चुकीची निवेदने जाळ्यात शिरली तरी, ती सोडणारे यंत्र दूर होताच, जाळे माणसाच्या मदतीवाचून पूर्वपदावर यावे. त्यानंतरच्या ओएसपीएफ या नियमावलीत, जी आज मोठ्या संस्थांच्या अंतर्गत जाळ्यांत सर्रास वापरली जाते, त्या दुर्घटनेच्या खुणा जागोजागी दिसतात. अनुक्रमांकाला सहाऐवजी ३२ बिट दिलेले आहेत आणि तो वर्तुळात न फिरता सरळ रेषेत वाढतो. ताळा निवेदनाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर राहतो आणि मेमरीत साठवलेल्या निवेदनांचाही तो ठरावीक काळाने पुन्हा पाहिला जातो. काहीही बदललेले नसले तरी दर ३० मिनिटांनी प्रत्येक राउटर आपले निवेदन नव्याने करतो, आणि ज्याचे निवेदन तासभर नवे झाले नाही त्याचे जुने निवेदन बाद होते.

मुळात दुवा तुटला हे कसे कळते, हा भाग वरवर सोपा वाटतो. बिघडलेले यंत्र आपण बिघडलो असे सांगत नाही. म्हणून शेजारी शेजाऱ्याला हाक मारत राहतो, आणि ओ येईनाशी झाली की तो गेला असे धरतो. ओएसपीएफमध्ये सामान्यतः दर १० सेकंदांनी अशी हाक जाते आणि ४० सेकंद काहीच ऐकू आले नाही तर शेजारी मृत मानला जातो. ४० सेकंद हा माणसाच्या दृष्टीने थोडा वेळ आहे, पण सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारा दुवा भरून वाहत असेल तर तेवढ्या वेळात ५० गिगाबाइट माहिती खड्ड्यात जाते. २०१० मध्ये प्रमाणित झालेली बीएफडी ही नियमावली केवळ हाका मारण्याचे काम करते. ५० मिलिसेकंदांनी एक हाक आणि तीन हाका चुकल्या की मृत, असे ठरवले तर १५० मिलिसेकंदांत निकाल लागतो. मात्र घाई केल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. क्षणभर गर्दीमुळे ओ उशिरा आली तरी जिवंत शेजारी मृत ठरतो, त्याची दवंडी सर्वत्र जाते, सगळे राउटर नकाशा नव्याने मांडतात, आणि पुढच्याच क्षणी तो जिवंत असल्याचे कळून सारे पुन्हा करावे लागते. म्हणून उठणाऱ्या-पडणाऱ्या दुव्यावर पुन्हा विश्वास ठेवण्याआधी राउटरला मुद्दाम थांबायला लावतात. सर्वांत वाईट असतो तो अर्धवट आजारी दुवा, जो हाकेच्या लहानशा पॅकेटला ओ देतो पण मोठी पॅकेटे गाळतो. हाका मारणाऱ्याच्या लेखी तो ठणठणीत असतो, आणि बिघाड शोधता शोधता माणसे थकतात.

बिघाड तारेत असेल तर राउटरच्या बातम्या तिथे अपुऱ्या पडतात; दुवा गेला एवढेच त्यांतून कळते, कुठे तुटला ते कळत नाही. रस्त्याच्या कडेला जेसीबीने खोदाई करताना ऑप्टिकल फायबर तुटली की तंत्रज्ञ एका टोकाला ओटीडीआर नावाचे उपकरण लावतात. ते फायबरमध्ये प्रकाशाचा अतिशय छोटा ठोका सोडते आणि तुटलेल्या टोकावरून परतणारा प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून प्रतिध्वनी १ मिलिसेकंदाने आला तर तूट १०० किलोमीटरवर आहे. तरीही उपकरण दाखवते ती फायबरची लांबी, रस्त्याची नव्हे. दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेली फायबर वजा करूनच खड्डा कुठे खणायचा ते ठरवावे लागते. समुद्रात हेच काम जहाजे करतात आणि त्याला दिवस लागतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, त्या दोन्ही मुंबईला येणाऱ्या होत्या. भारताची युरोपकडची वाहतूक तेव्हा पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून वळवावी लागली. वाट १० हजार किलोमीटरने लांबली की जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद वाढतात, आणि ती वाढ कोणत्याही यंत्राला कमी करता येत नाही.

एका संस्थेच्या आत दवंडी चालते, कारण तिथे सगळे एकमेकांवर विश्वास ठेवतात. परंतु इंटरनेट हे ७० हजारांहून अधिक स्वायत्त जाळ्यांचे जाळे आहे, आणि आपल्या आत कुठे काय आहे हे प्रतिस्पर्ध्याला सांगण्याची कोणाचीच तयारी नसते. त्यांच्यातील व्यवहारासाठी बीजीपी ही नियमावली आहे. १९८९ च्या जानेवारीत ऑस्टिन येथील बैठकीच्या वेळी कर्क लोहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी तिचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर मांडला. तिच्यात प्रत्येक जाळे शेजाऱ्याला सांगते की अमुक गटाकडे आपल्यातून जाता येईल, आणि सोबत वाटेतील सर्व जाळ्यांची क्रमवार यादी देते; आपलेच नाव यादीत दिसले की ऐकणारा ती वाट नाकारतो आणि चकवा टळतो. ती वाट सांगणाऱ्याला ती सांगण्याचा अधिकार आहे का, हे मात्र मूळ नियमावली विचारत नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशात रोखण्यासाठी यूट्यूबच्याच पत्त्यांतील २५६ पत्त्यांच्या एका लहान गटाची खोटी वाट घातली आणि ती चुकून देशाबाहेर गेली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती. अधिक नेमकी नोंद मानण्याच्या नियमाने जगभरच्या राउटरांनी खोटी वाट धरली, आणि सुमारे दोन तास यूट्यूबकडे निघालेली पॅकेटे पाकिस्तानात जाऊन नाहीशी होत राहिली.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्यात जे घडले ते याहून अधिक विचार करायला लावणारे आहे, कारण त्यात बातमी खोटीही नव्हती. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या माहिती केंद्रांना जोडणारे मुख्य दुवे बंद पडले. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणीतच चूक असल्याने ती अडली नाही. कंपनीची नावे पत्त्यांत बदलून देणारी यंत्रे, ज्यांना डीएनएस सर्व्हर म्हणतात, निरनिराळ्या लहान केंद्रांत होती आणि ती शाबूत होती. त्यांना शिकवलेले असे होते की माहिती केंद्राशी संपर्क तुटला तर आपणच आजारी आहोत असे समजावे आणि आपल्याकडे येण्याची वाट बीजीपीतून मागे घ्यावी, म्हणजे वापरणारे दुसऱ्या निरोगी केंद्राकडे जातील. सर्वांनी ते एकाच वेळी केले. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगाच्या नकाशावरून नाहीसे झाले. बिघाड दुरुस्त करण्याची साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष माहिती केंद्रांत जावे लागले, आणि तिथली कडक सुरक्षाव्यवस्था ओलांडून यंत्रांपर्यंत पोचण्यातही वेळ गेला. एका केंद्रापुरती ती तरतूद बरोबर होती. सगळी केंद्रे एकाच क्षणी स्वतःला आजारी समजतील, हा प्रसंग तिच्यात धरलेला नव्हता.